गणवेश, मूनकेक आणि प्रचाराचा आरोप

मराठी समीक्षेला ‘प्रचारकी’ हे विशेषण नवे नाही. कलावाद आणि जीवनवाद यांच्या झगड्यात ते सढळपणे वापरले गेले. मात्र त्या वेळी त्याचा रोख बहुधा कृतीच्या घाटाकडे असे. कथेच्या ओघात न मुरलेला, वरून चिकटवल्यासारखा दिसणारा विचार म्हणजे प्रचार, अशी त्यामागची ढोबळ धारणा होती. आशियाई दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांमध्ये अलीकडे जे वाद पेटत आले आहेत त्यांतही हाच शब्द मध्यवर्ती आहे, परंतु त्याचा रोख निराळा आहे. मालिका कशी रचली आहे हे पाहण्यापूर्वीच ती कोणत्या देशातून आली, तिच्यामागे पैसा कोणाचा आणि नायकाच्या अंगावर गणवेश कोणाचा, हे पाहिले जाते. त्यामुळे जवळजवळ सारखीच दोन दृश्ये एकाच प्रेक्षकाला एका ठिकाणी प्रणयकथा वाटतात आणि दुसऱ्या ठिकाणी प्रचार. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ या न्यायाने हा दुटप्पीपणा ओळखता येतो खरा. पण ओळखणे म्हणजे समजावून घेणे नव्हे. दक्षिण कोरियाच्या मालिकांचा 2016 ते 2022 हा काळ या दृष्टीने विशेष बोलका आहे. या काळात कोरियन समाज कधी आरोपीच्या पिंजऱ्यात होता, कधी फिर्यादी होता, आणि एकदा तर स्वतःविरुद्धच फिर्यादी होता.

‘डिसेंडन्ट्स ऑफ द सन’ ही सोळा भागांची मालिका केबीएस वाहिनीवर 24 फेब्रुवारी ते 14 एप्रिल 2016 या काळात प्रसारित झाली. विशेष दलातील एक कॅप्टन आणि एक शल्यविशारद यांचे प्रेम, युरुक नावाच्या काल्पनिक देशातील शांतिसेनेचा तळ, भूकंप, साथीचा रोग, शस्त्रांचे दलाल असा तिचा पसारा आहे. अखेरच्या भागाला दक्षिण कोरियात 38.8 टक्के प्रेक्षकसंख्या लाभली. कोरियन मालिकांचे चित्रीकरण आणि प्रसारण सहसा बरोबरीने चालत असे. ही मालिका मात्र प्रसारणापूर्वीच पूर्ण करण्यात आली. कारण ती चीनमध्ये त्याच वेळी दाखवायची होती आणि तेथील नियमांनुसार परदेशी मालिका संपूर्ण तपासल्याखेरीज दाखवता येत नव्हती. म्हणजे कोरियन सैनिकाच्या या शौर्यगाथेला चिनी परीक्षकांच्या नजरेखालून जावे लागले होते. पुढील वादांत हा तपशील क्वचितच कोणाला आठवला.

मालिकेचे स्वागत राज्यकर्त्यांनीही केले. थायलंडचे लष्करी पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांनी तिच्यातील देशभक्तीची आणि कर्तव्यनिष्ठेची वाखाणणी करून थाई निर्मात्यांनीही असे काही करावे अशी इच्छा व्यक्त केली. दक्षिण कोरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांनी तिच्या नायकाचा जाहीर गौरव केला. चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने मात्र कोरियन मालिकांच्या वेडापायी संसार मोडतात अशा आशयाची ताकीद प्रेक्षकांना दिली. फ्रेंच विचारवंत झाक एल्यूल यांनी 1962 साली प्रचाराचे जे वर्गीकरण केले त्यात लोकांना पेटवणारा प्रक्षोभक प्रचार आणि लोकांना प्रस्थापित व्यवस्थेत सुखाने मुरवणारा एकात्मीकरणाचा प्रचार असा भेद आहे. दुसऱ्या प्रकाराचे वैशिष्ट्य असे की ज्याच्यावर तो होतो त्याला तो जाणवत नाही. सक्तीच्या लष्करी सेवेच्या देशात सैनिकाला देखणा, विनोदी आणि निर्व्याज प्रियकर म्हणून उभे करणारी कथा या वर्गात अलगद बसते. प्रयुत यांना ते बरोबर कळले होते. या बाबतीत एका सेनानीची समीक्षकदृष्टी अनेक चाहत्यांहून तीक्ष्ण निघाली, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

गणवेशाचा दुसरा अर्थ व्हिएतनाममध्ये निघाला. 1964 ते 1973 या काळात दक्षिण कोरियाने तीन लाखांहून अधिक सैनिक अमेरिकेच्या बाजूने व्हिएतनाममध्ये पाठवले होते. मध्य व्हिएतनामच्या खेड्यांतून त्यांच्या हातून झालेल्या नागरिकांच्या हत्यांची दखल खुद्द कोरियात 1999 पासून ‘हान्ग्योरे 21’ या साप्ताहिकाने घ्यायला सुरुवात केली. मार्च 2016 च्या अखेरीस, मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, एका व्हिएतनामी पत्रकाराने तिला जाहीर हरकत घेतली. जपानी शाही सैन्याच्या गणवेशातील देखण्या नायकांची मालिका कोरियन किंवा चिनी दूरचित्रवाणीने दाखवली असती काय, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. तरुण व्हिएतनामी चाहत्यांतून त्याला कडवट उत्तरे मिळाली: युरुक हा काल्पनिक देश आहे, कथा आजच्या शांतिसेनेची आहे, युद्ध संपून दशके लोटली आहेत, प्रेमकथेत राजकारण कशाला आणता.

या उत्तरांतील एकही वाक्य खोटे नाही. तरीही ती अपुरी आहेत. चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर गणवेश हे स्वतःपुरते अर्थ संपवणारे चिन्ह नव्हे; ते पाहणाऱ्याच्या स्मृतीतून आपला अर्थ उचलते. सेऊलच्या प्रेक्षकाच्या स्मृतीत तो भावाचा, मुलाचा, स्वतःच्या सेवाकाळाचा गणवेश आहे. क्वांग नामच्या एखाद्या वृद्धेच्या स्मृतीत तो दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे. संहितेत युरुक हा देश काल्पनिक असल्याने हा दुसरा अर्थ नाहीसा होत नाही. उलट काल्पनिक देशाची योजनाच अशी की खरा देश आठवू नये. त्या पत्रकाराच्या प्रश्नाचे सामर्थ्य त्याने केलेल्या अदलाबदलीत होते. समोरच्याला त्याच्याच जखमेच्या जागी उभे करून पाहायला लावणे ही दुटप्पीपणाच्या आरोपाची एक रीत आहे आणि ती फलदायी आहे, कारण ती कल्पनाशक्तीला हाक घालते.

त्याच आरोपाची दुसरी रीत पुढील वर्षांत अधिक फोफावली. चिनी मालिकांच्या चाहत्यांनी विचारले की कोरियन कॅप्टन प्रियकर ठरतो, मग चिनी मुक्तिसेनेचा अधिकारी पडद्यावर आला की लगेच ‘प्रचार’ कसा काय ऐकू येतो? 2021 मधील ‘माय डिअर गार्डियन’ या चिनी मालिकेत विशेष दलाचा अधिकारी आणि लष्करी शल्यविशारद स्त्री यांचीच जोडी आहे, तेव्हा प्रश्न अस्थानी म्हणता येत नाही. त्याला एक प्रामाणिक उत्तर आहे: चीनमध्ये सरकारी परवान्याखेरीज कोणतीही मालिका वाहिनीवर येऊ शकत नाही, आणि सैन्याचे प्रतिकूल चित्रण तेथे संभवतच नाही. कोरियात असे चित्रण संभवते. लष्करातील छळ आणि पळालेले सैनिक यांच्यावरील ‘डी.पी.’ ही मालिका त्याच 2021 साली आली. हा फरक मोठा आहे. पण तो व्यवस्थांमधील फरक आहे, दोन प्रेमदृश्यांमधील नव्हे. एखादी व्यवस्था विरोधी चित्रणाला वाव देते म्हणून तिच्यातील प्रत्येक गौरवचित्रण निरागस ठरत नाही. हॉलिवूडच्या ‘टॉप गन’ला 1986 साली अमेरिकी संरक्षण खात्याचे साहाय्य होते, आणि तरी बहुसंख्य जगाने तो विमानांचा व तारुण्याचा चित्रपट म्हणूनच पाहिला. वादात मात्र या प्रश्नाचा उपयोग अदलाबदलीसाठी झाला नाही. ‘तुम्हीही तेच करता’ असे म्हटले की आपण काय करतो हे तपासण्याची गरज उरत नाही; दोन्ही बाजूंनी तो या कामी वापरला गेला.

कोरियाच्या आतील वाद याहून गुंतागुंतीचे होते. डिसेंबर 2019 ते फेब्रुवारी 2020 या काळातील ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या मालिकेत पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात उतरलेली सेऊलची उद्योजिका आणि तेथील लष्करी अधिकारी यांची प्रेमकथा आहे. एका लहानशा ख्रिस्ती राजकीय पक्षाने ती उत्तर कोरियाचे उदात्तीकरण करते, सबब राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचा भंग करते, अशी पोलिसांत तक्रार केली. तो कायदा 1948 चा. इकडे उत्तर कोरियाच्या प्रचारमाध्यमाने दक्षिणेतील अशा कलाकृती आपल्या देशाची विटंबना करतात असे म्हणून आगपाखड केली. एकच कृती एकाच वेळी उत्तरेचा प्रचार आणि उत्तरेविरुद्धचा प्रचार ठरली. तक्रारीचे पुढे काही झाले नाही आणि मालिका सुखरूप संपली.

‘जोसन एक्सॉर्सिस्ट’ला ते भाग्य लाभले नाही. एसबीएस वाहिनीवर 22 आणि 23 मार्च 2021 रोजी तिचे दोन भाग झाले. 26 तारखेला वाहिनीने ती रद्द केली. सोळा भागांपैकी सुमारे 80 टक्के चित्रीकरण तोवर पूर्ण झाले होते. कथा जोसन राजवंशाचा तिसरा राजा थेजोंग (राज्यकाळ 1400 ते 1418) याच्या काळात पिशाच्चांचा उपद्रव कल्पून रचलेली. वाद पेटला तो जेवणाच्या एका दृश्यावरून. राजपुत्र छुंगन्योंग, म्हणजे कोरियन लिपीचा जनक म्हणून पुढे वंदनीय ठरलेला राजा सेजोंग, पश्चिमेकडून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे आदरातिथ्य करतो, आणि ताटात चिनी मूनकेक, चिनी पद्धतीची काळी अंडी, चिनी धाटणीची मद्याची भांडी. दृश्य मिंग सीमेजवळच्या उइजू गावी घडते, सबब चिनी खाद्यपदार्थ कल्पिले, असा खुलासा निर्मात्यांनी केला. तो कोणीही मानला नाही.

पार्श्वभूमी अशी की 2020 च्या अखेरीपासून किमची आणि हानबोक ही मूळची चिनीच, अशा चिनी दाव्यांनी कोरियन मने तापलेली होती. त्याच महिन्यात ‘विन्सेंझो’ या मालिकेत एका चिनी कंपनीच्या तयार बिबिमबापची जाहिरात शिरल्याने ओरड झाली होती. शिवाय ‘जोसन एक्सॉर्सिस्ट’च्या लेखिकेची आधीची मालिका, ‘मिस्टर क्वीन’, ही एका चिनी मालिकेवर बेतलेली होती आणि तिच्यात जोसनच्या राजवृत्तान्तांना हलक्या छापाच्या कागदांची उपमा दिल्याने ती आधीच रोषास पात्र झाली होती. थेजोंगचे वंशज म्हणवणाऱ्या जॉन्जू यी कुलाच्या संघटनेने निषेध नोंदवला. जाहिरातदार एकामागून एक निघून गेले. सरकारने बंदी घातली नाही, न्यायालयाने मनाई केली नाही. मालिका बाजाराने बंद केली, आणि बाजाराला हलवले प्रेक्षकांनी.

चाहता हा संहितेचा निमूट ग्राहक नसतो, तो तिच्यात घुसून आपल्या उपयोगाचे उचलतो, असे हेन्री जेन्किन्स यांनी 1992 साली मांडले होते. ते मांडताना त्यांच्या मनात चाहत्याची सर्जनशीलता होती. येथे तीच बारकाईची नजर पंचनामा करणाऱ्याची झाली. पदार्थ, भांडी, केशभूषा, तलवारी यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून चिनी काय आणि कोरियन काय हे ठरवले गेले. या पंचनाम्यात एक गोष्ट मात्र जवळजवळ निसटली. कोरियात कॅथलिक समाजाची स्थापना 1784 च्या सुमाराची. पंधराव्या शतकाच्या आरंभी जोसनच्या राजपुत्रासमोर ख्रिस्ती धर्मोपदेशक बसवणे हा कालविपर्यास मूनकेकच्या कितीतरी पट मोठा. ऐतिहासिक कथेला काही कालविपर्यास अपरिहार्य असतो हे लुकाच यांनी दाखवून दिले आहे. परंतु प्रेक्षकांनी धर्मोपदेशक मुकाट्याने गिळला आणि मूनकेकवर ते अडले. याचा अर्थ त्यांचा आक्षेप इतिहासाशी नव्हता. तो मालकीशी होता. इतिहासाच्या विकृतीकरणाची भाषा बोलत एक समाज आपल्या प्रतिष्ठेचे रक्षण करीत होता. किमचीच्या वादात त्याला डिवचले गेले होते हे मान्य करूनही, राजवाड्यातील ताटावरून एक अपुरी कृती कायमची कुलूपबंद व्हावी हे चिंताजनक वाटते.

याच शब्दाचा, ‘विकृतीकरणा’चा, वापर नऊ महिन्यांनी पुन्हा झाला तेव्हा त्यामागे वेगळेच वजन होते. जेटीबीसी वाहिनीची ‘स्नोड्रॉप’ 18 डिसेंबर 2021 रोजी सुरू झाली. साल 1987. वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी एका जखमी तरुणाला आंदोलक विद्यार्थी समजून आश्रय देते. तो निघतो उत्तर कोरियाचा हेर. आणि गुप्तचर खात्याचा अधिकारी तत्त्वनिष्ठ म्हणून येतो. 1987 हे साल कोरियात कोणत्याही प्रेमकथेची निरुपद्रवी पार्श्वभूमी नव्हे. त्या जानेवारीत पार्क जोंग-चोल या विद्यार्थ्याचा सेऊलमधील नाम्यंग-दोंग येथे पोलिसांच्या छळात अंत झाला आणि जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. लष्करी राजवटीने कित्येक विद्यार्थ्यांना उत्तरेचे हेर ठरवून तुरुंगात डांबले होते, छळले होते. जी सबब सांगून त्यांना छळले तीच सबब मालिकेने कथाबीज म्हणून सत्य कल्पिली, हा आक्षेप होता. नायिकेचे नाव प्रत्यक्षातील एका कार्यकर्तीच्या नावाशी जुळते म्हणून आधीच बदलावे लागले होते. प्रसारण थांबवण्याच्या मागणीच्या अर्जावर एका दिवसात दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

उत्तरादाखल नायिकेची भूमिका करणाऱ्या गायिकेचे देशोदेशीचे चाहते पुढे सरसावले आणि ही कल्पित कथा आहे, आधी पाहा मग बोला, असे सांगू लागले. त्यांचे म्हणणे तत्त्वतः योग्य होते. पण ‘ही केवळ कथा आहे’ हे वाक्य कोण कोणाला ऐकवतो यावर बरेच अवलंबून असते. ज्याच्या घरातील मुलगा हेर ठरवून मारला गेला त्याला परदेशी चाहत्याने ते ऐकवणे आणि चित्रपटगृहातील शेजाऱ्याने शेजाऱ्याला ऐकवणे ही एक गोष्ट नव्हे.

29 डिसेंबर रोजी सेऊलच्या न्यायालयाने मनाईचा अर्ज फेटाळला. मालिका इतिहासाच्या विपर्यस्त आकलनावर आधारलेली आहे असे धरले तरी लोक ते डोळे झाकून स्वीकारतील हे संभवनीय नाही, अशा आशयाचे कारण देण्यात आले. मराठी वाचकाला येथे एक ओळखीचा स्वर ऐकू येईल. फाळणीवरील ‘तमस’ ही गोविंद निहलानी यांची मालिका दूरदर्शनवर जानेवारी 1988 मध्ये सुरू झाली तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि परिणामाचे मोजमाप दुबळ्या, डळमळीत मनाच्या नव्हे तर समंजस, खंबीर माणसाच्या कसोटीने करावे, हे न्या. व्हिव्हियन बोस यांचे नागपूरच्या उच्च न्यायालयातील 1946 चे सूत्र तेथे स्वीकारले गेले. सेऊल आणि नागपूर यांच्यात उसनवारी असण्याचे कारण नाही. पण दोन्ही ठिकाणी न्यायाधीशांनी प्रेक्षकाविषयी जो विश्वास दाखवला तो प्रेक्षकांनी एकमेकांविषयी दाखवला नाही. प्रचाराचा आरोप करणारा स्वतः कधीच प्रचाराला बळी पडलेला नसतो. पडणार असतो तो दुसरा, अधिक भोळा, बहुधा तरुण किंवा परदेशी.

दोन्ही प्रकरणांचा शेवट शेजारी ठेवला की विसंगती उघडी पडते. प्रतिष्ठेला धक्का देणारी मालिका दोन भागांत संपली. छळ झालेल्यांच्या स्मृतीला धक्का देणारी मालिका 30 जानेवारी 2022 पर्यंत सोळाही भाग चालली. ‘स्नोड्रॉप’ बंद पाडायला हवी होती असे यातून सुचवायचे नाही. न्यायालयाने केले ते योग्यच केले. पण विकृतीकरण हा एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे राजाच्या ताटाचा अपमान आणि तुरुंगातील मृत्यूचा अपमान एकाच तराजूत घातले गेले, आणि तराजू राजाकडे झुकला. हा दुटप्पीपणा दोन देशांमधील नाही, एकाच प्रेक्षकवर्गातील आहे. म्हणूनच त्याच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

2022 च्या शरदात पारडे पुन्हा फिरले. ‘लिटल विमेन’ या टीव्हीएन वाहिनीच्या बारा भागांच्या मालिकेत तीन गरीब बहिणींची गाठ एका गुप्त मंडळाशी पडते; मंडळाची मुळे व्हिएतनाम युद्धातील कोरियन सैनिकांत आहेत आणि त्याची खूण म्हणजे तेथून आणलेले निळे ऑर्किड. त्यात एका कोरियन सैनिकामागे किती व्हिएतकाँग मारले गेले याची फुशारकी एका पात्राच्या तोंडी येते. व्हिएतनामच्या प्रसारण प्राधिकरणाने हरकत घेतली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नेटफ्लिक्सने त्या देशापुरती मालिका काढून टाकली. निर्मात्यांनी पुढे अधिक काळजी घेऊ असे सांगितले.

समीक्षकाच्या दृष्टीने हे प्रकरण सर्वांत अवघड आहे. ते मंडळ कथेतील दुष्टशक्ती आहे. तेव्हा फुशारकी पात्राची आहे, कृतीची नव्हे, असा बचाव कथनमीमांसेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सुचेल, आणि अनेक कोरियन चाहत्यांनी तो केलाही. परंतु त्या मंडळाचा अपराध कथेत कोणता दाखवला आहे? पैशाचा अपहार, खून, सत्तेचा लोभ. आणि त्याचे बळी सारे कोरियन. व्हिएतनाममध्ये काय केले, हा त्याच्या अपराधांत मोडत नाही. फुशारकीला संहितेत कोणी उत्तर देत नाही, कारण उत्तर देऊ शकणारे एकही व्हिएतनामी पात्र तेथे नाही. तेथे आहे ते फूल. दृष्टिकोन पात्राचा असला तरी मौन कृतीचे आहे. ज्या कोरियन प्रेक्षकांनी दीड वर्षापूर्वी एका मूनकेकमध्ये संपूर्ण साम्राज्य पाहिले होते त्यांतील काहींना येथे एक वाक्य संदर्भाबाहेर काढल्याचे दुःख झाले.

व्हिएतनामी सरकारची भूमिकाही निर्मळ नव्हती. भूतकाळ मागे ठेवून भविष्याकडे पाहावे हे कोरियाबाबत त्याचे अधिकृत धोरण आहे. हत्याकांडांतून वाचलेल्यांच्या मागण्यांना त्याने स्वतःहून कधी बळ दिले नाही. पडद्यावरील वाक्य हटवणे त्याला सोपे गेले.

मागण्या दुसरीकडे मांडल्या गेल्या. 12 फेब्रुवारी 1968 रोजी क्वांग नाम प्रांतातील फोंग न्ही गावात कोरियन नौसैनिकांनी सत्तरहून अधिक नागरिकांना ठार केले. तेथे गोळी लागूनही वाचलेल्या, आई आणि भावंडे गमावलेल्या एका स्त्रीने सेऊलच्या न्यायालयात कोरियन सरकारविरुद्ध दावा लावला. त्या दिवशी तेथे असलेल्या एका माजी कोरियन सैनिकाने तिच्या बाजूने साक्ष दिली. 7 फेब्रुवारी 2023 रोजी न्यायालयाने तिला तीन कोटी वॉन भरपाई मंजूर केली आणि जानेवारी 2025 मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. खटल्यात कोरियन सरकारने बचावाचे जे मुद्दे मांडले त्यांत एक असा होता की गोळ्या झाडणारे कोरियनच होते हे सिद्ध होत नाही. कोरियन गणवेश चढवलेले व्हिएतकाँगही ते असू शकतील.